नेम चुकतो की हात?

स्नूकरला नाव मिळाले ते एका हुकलेल्या सोप्या फटक्यावरून, असे मानले जाते. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत पावसाळ्याचे रिकामे दिवस काढण्यासाठी ब्रिटिश अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर नवनवे डाव मांडत असत. त्यातच लेफ्टनंट नेव्हिल चेंबरलेन यांनी लाल आणि रंगीत चेंडूंचा एक डाव जुळवला. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे, दोघांत नामसाम्याखेरीज काही नाही.) पॉकेटच्या तोंडाशी असलेला एक रंगीत चेंडू सहकाऱ्याने घालवला, तेव्हा चेंबरलेन यांनी त्याला ‘स्नूकर’ म्हणून हिणवले. वुलिचच्या लष्करी अकादमीत कोऱ्या, नवख्या छात्राला तसे म्हणत. शब्द टिकला आणि खेळालाही चिकटला. १८८२ साली उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले.

त्यानंतर दीडशे वर्षांत टेबले बदलली, चेंडू बदलले, जगज्जेते झाले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून भारताला या टेबलावरचे पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले. ओम अग्रवाल यांनी १९८४ साली डब्लिनमध्ये जागतिक हौशी स्नूकरचे विजेतेपद मिळवले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनी २००३ साली चीनमध्ये तोच मान पटकावला, तर मुंबईच्या आदित्य मेहता यांनी २०१३ साली कोलंबियातील काली येथे जागतिक क्रीडा महोत्सवाचे सुवर्णपदक जिंकले. सोपा चेंडू हुकण्याची गोष्ट मात्र अजून जबलपूरइतकीच ताजी आहे. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही स्नूकर पार्लरमध्ये संध्याकाळी डोकावले, तर तासाभरात दहा वेळा एकच वाक्य कानी पडते, ‘नेम चुकला!’

हे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. पांढऱ्या चेंडूने दुसऱ्या चेंडूला नेमके कुठे स्पर्श करायचा, हे खेळाडूने बरोबर हेरलेले असते. त्याला ठाऊक असलेल्या त्या जागेपर्यंत त्याचा क्यू पांढऱ्याला नेत नाही. नेम डोळ्यांचा असतो, फटका हाताचा. या दोन चुका वेगवेगळ्या आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत आणि कुठली चूक आपली, हे ठाऊक नसताना केलेला सराव चूकच पक्की करतो. हौशी खेळाडूंची वर्षे वाया जातात ती येथे.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

या खेळात चुकीला किती कमी जागा आहे, हे आकड्यांतच पाहावे. स्नूकरच्या पूर्ण आकाराच्या टेबलाची खेळण्याची जागा सुमारे ३५७ सेंटिमीटर लांब आणि १७८ सेंटिमीटर रुंद असते. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर. कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साधारण साडेआठ ते नऊ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू अगदी मधून गेला तर त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर जागा उरते.

आता निळा चेंडू त्याच्या ठिपक्यावर, म्हणजे टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवला आणि त्याच्या मागे एक मीटरवर पांढरा अशा बेताने ठेवला, की पांढरा, निळा आणि वरच्या कोपऱ्याचे पॉकेट एका रेषेत यावेत. निळ्यापासून पॉकेट सुमारे दोन मीटर दूर आहे. पांढरा निघताना एका अंशाचा केवळ दहावा भाग वाकडा निघाला, तर निळ्यापाशी पोहोचेपर्यंत तो पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. डोळ्यांना ही चूक दिसतही नाही. पण चेंडू गोल असल्याने धडकेत ही चूक गुणली जाते: निळा त्याच्या मार्गापासून सुमारे १.८ अंशांनी वळतो आणि पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत सहा सेंटिमीटरहून अधिक बाजूला जातो. चेंडू पॉकेटच्या मोकळ्या तोंडातून जायचा, तर निळ्यावर जास्तीत जास्त अर्ध्या मिलिमीटरची चूक परवडते. पॉकेटच्या गोलसर कडांची थोडी मेहेरबानी धरली, तरी हिशेब फारसा सैल होत नाही.

विशेष म्हणजे हा फटका सरळ आहे. यात कोन नाही, अंदाज नाही. निळ्याचा मध्य समोर दिसत असतो आणि पांढरा त्यावर नेऊन आदळायचा असतो. तरीही पार्लरमधला बरा खेळाडू दहापैकी किती वेळा हा निळा घालवतो, हे त्याने एकदा स्वतःशी मोजून पाहावे. येथे ‘नेम चुकला’ म्हणायला जागाच नाही. चुकतो तो क्यू.

नेम म्हणजे काय?

कोनातल्या फटक्यांत मात्र नेमाला काम असते. त्यामागची भूमिती शाळकरी आहे. ज्या चेंडूला पॉकेटमध्ये पाठवायचे, त्याच्या मध्यातून पॉकेटपर्यंत एक रेषा कल्पावी आणि ती मागे वाढवावी. चेंडूच्या मागे, त्या रेषेवर, त्याला टेकून आणखी एक चेंडू आहे असे मानावे. धडकेच्या क्षणी पांढऱ्याने नेमकी या काल्पनिक चेंडूची जागा घ्यायला हवी. पांढऱ्याचे लक्ष्य म्हणजे त्या काल्पनिक चेंडूचा मध्य. समोरच्या चेंडूवर दिसणारा स्पर्शाचा बिंदू नव्हे. नवशिके येथेच फसतात. ते क्यू स्पर्शबिंदूवर रोखतात, पांढऱ्याची जाडी विसरतात आणि चेंडू हवा त्यापेक्षा जाड लागतो.

जुने प्रशिक्षक हेच अपूर्णांकांत शिकवत. पांढऱ्याने समोरचा चेंडू पूर्ण झाकला तर तो सरळ जातो. पाऊण झाकला तर सुमारे साडेचौदा अंशांनी, अर्धा झाकला तर ३० अंशांनी आणि पाव झाकला तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंशांनी वळतो. अर्ध्या चेंडूचा फटका सर्वांत उपयोगी, कारण त्यात क्यू थेट समोरच्या चेंडूच्या कडेवर रोखायचा असतो आणि कड डोळ्यांना स्पष्ट दिसते. बाकीचे कोन या एका कोनाच्या आधाराने शिकता येतात.

मात्र ही भूमिती कागदावर जितकी नेमकी, तितकी टेबलावर नसते. दोन चेंडू घासतात तेव्हा पांढरा समोरच्या चेंडूला किंचित आपल्या दिशेने ओढतो. हळू फटक्यात ही ओढ जास्त, जोरकस फटक्यात कमी. खडूने माखलेल्या, आठवडेच्या आठवडे न पुसलेल्या चेंडूंवर ती आणखी वाढते. (पार्लरमध्ये गेल्यावर चेंडू पुसून मागण्यात कोणताही कमीपणा नाही.) त्यामुळे कोणताही चांगला खेळाडू अंश मोजत खेळत नाही. हजारो फटके पाहून त्याच्या नजरेत प्रत्येक कोनाचे चित्र साठत जाते आणि टेबलावर तेच चित्र तो ओळखतो.

खरा धोका येथेच आहे. हे चित्र साठते ते निकालावरून. चेंडू गेला की मेंदू म्हणतो, नेम बरोबर. नाही गेला की म्हणतो, चूक. क्यू सरळ चालत असेल तर मेंदूला खरी माहिती मिळते. क्यू वाकडा चालत असेल तर मेंदू त्या वाकडेपणाशी तडजोड करायला शिकतो. खेळाडू नकळत थोडा डावीकडे नेम धरतो, क्यू थोडा उजवीकडे ओढतो आणि चेंडू जातो! दोन चुका एकमेकींना खोडतात. अंतर मध्यम असेल आणि जोरही मध्यम असेल तोवर हे जमते, आणि म्हणूनच ‘जवळचे सगळे जातात, लांबचा एकही जात नाही’ किंवा ‘हळू मारले की जातो, जोर लावला की फसतो’ अशा तक्रारी ऐकू येतात. अंतर वा जोर बदलला, की चुकांचे हे खोडाखोडीचे गणित कोलमडते. असा खेळाडू नेमाचा सराव जितका करील, तितकी ती तडजोड घट्ट होते.

ठिपक्यांची रेघ

दोन चुका वेगळ्या करण्याची एक कसोटी जगभरचे प्रशिक्षक वापरतात आणि तिला एकच चेंडू लागतो. टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा या चार चेंडूंचे ठिपके लांबीच्या मध्यरेषेवर एका ओळीत असतात. बाकी सारे चेंडू काढून टाकावेत. पांढरा तपकिरीच्या ठिपक्यावर ठेवावा आणि निळा, गुलाबी, काळा या तिन्ही ठिपक्यांवरून जाऊन समोरच्या कुशनवर आपटून तो परत क्यूच्या टोकापर्यंत यावा, इतक्या जोराने मारावा. जाऊन-येऊन साडेपाच मीटरहून अधिक प्रवास. मारल्यावर क्यू जिथे थांबला तिथेच ठेवावा. हलू नये. पांढरा परत येऊन टिपला टेकला, तर फटका सरळ.

या कसोटीत नेमाला थारा नाही. पॉकेट नाही, कोन नाही, समोर चेंडू नाही. त्यामुळे ती खोटे बोलत नाही. शिवाय चूक कुठली, हेही ती सांगते. पांढरा कुशनला पोहोचण्याआधीच काळ्याच्या ठिपक्यावरून न जाता बाजूने गेला, तर क्यूची दिशाच चुकली. जाताना तिन्ही ठिपक्यांवरून नीट गेला, पण परतताना फाकला, तर टिप पांढऱ्याच्या मध्यावर लागली नाही. चेंडूला बाजूची फिरकी मिळाली. मध्याच्या उजव्या अंगाला लागली असेल तर तो कुशनवरून उजवीकडे वळतो, डाव्या अंगाला लागली असेल तर डावीकडे. नको असलेली ही फिरकी फसवी असते. तिच्यामुळे पांढरा निघताना उलट दिशेला थोडा ढकलला जातो, पुढे क्यूच्या कलानुसार वाटेत थोडा वळतो आणि समोरच्या चेंडूलाही बाजूला लोटतो. असे तीन लहान दोष एकाच फटक्यात मिसळले की नेमाला दोष देण्याखेरीज खेळाडूला काही सुचत नाही.

कसोटी घेण्याआधी टेबलाची कसोटी घ्यावी. पार्लरमधली सगळीच टेबले पाणसळीला बरोबर नसतात, आणि लोकरीच्या कापडाला लव असते. लवेच्या उलट दिशेने हळू जाणारा चेंडू आपोआप कडेला सरकू शकतो. पावसाळ्यात दमट हवेने कापड जड होते, ते वेगळेच. दोन्ही दिशांनी हातानेच एक-दोन चेंडू हळू सोडून पाहिले, की टेबलाचा कल कळतो. क्यूचेही तसेच. पार्लरमधला क्यू टेबलावर आडवा ठेवून लोळवावा. तो उड्या मारत लोळत असेल तर दुसरा उचलावा. टिप पसरून छत्रीसारखी झाली असेल वा चपटी पडली असेल, तर त्या क्यूने मध्यावर मारल्याचा भरवसा देता येत नाही.

उभे राहण्यातच निम्मे काम

क्यू वाकडा का चालतो? मनगट किंवा कोपर याला कारण असतेच, पण पुष्कळदा कारण त्याआधी, पायांत असते. बहुतेक हौशी खेळाडू टेबलाजवळ कुठेही उभे राहून वाकतात आणि खाली गेल्यावर नेम शोधतात. क्यू डावी-उजवीकडे सरकवतात, डोके हलवतात, खांदा वळवतात. शरीर एका रेषेत आणि क्यू दुसऱ्या रेषेत, अशा अवस्थेत फटका बसतो आणि हात शेवटच्या क्षणी शरीराच्या रेषेकडे ओढला जातो.

चांगला खेळाडू नेम उभ्यानेच ठरवतो. पांढऱ्याच्या मागे, फटक्याच्या रेषेवर, दोन पावले अंतरावर तो थांबतो. रेषा पाहतो. मग उजव्या हाताचा खेळाडू असेल तर उजवे पाऊल त्या रेषेवर टाकतो आणि डोके रेषेवरून न हलवता सरळ खाली उतरतो. खाली गेल्यावर रेषा चुकल्यासारखी वाटली, तर तिथल्या तिथे दुरुस्ती न करता तो उभा राहतो आणि पुन्हा उतरतो. दूरचित्रवाणीवर व्यावसायिक खेळाडू मध्येच उठून परत वाकतो, ते याच कारणाने. पार्लरमध्ये असे कोणी केले तर समोरचा वैतागतो, ही गोष्ट वेगळी.

उतरल्यावर पुढचा हात टेबलावर घट्ट आणि स्थिर हवा. क्यूचे टेकण तेच. मागच्या हाताची बाहू कोपरापासून खाली लोंबती असावी आणि टिप पांढऱ्यापाशी असताना ती जवळपास उभी असावी. क्यू हनुवटीखालून, छातीला घासून गेला, तर त्याला बाजूला भटकायला वाव राहत नाही. पकड सैल असावी, साधारण चिमणीचे पिलू हातात धरल्यासारखी. घट्ट मुठीत मनगट आखडते आणि फटक्याच्या क्षणी मूठ आणखी आवळली गेली की क्यूचे टोक बाजूला उडते. जोराच्या फटक्यात नेम ‘जातो’ तो सहसा या आवळण्याने.

क्यू मागे नेताना घाई नको. मागे सावकाश, टोकाला क्षणभर विसावा, मग पुढे वाढत्या वेगाने, पांढऱ्याला स्पर्श झाल्यावरही न थांबता. मागून झटक्याने सुरुवात केली की कोपर उघडते आणि रेषा मोडते. डोळे आधी पांढरा आणि समोरचा चेंडू यांत ये-जा करतात. प्रत्यक्ष फटक्याच्या क्षणी मात्र नजर समोरच्या चेंडूवर खिळलेली असावी. आणि डोके उचलू नये. चेंडू गेला की नाही हे पाहण्याची उत्सुकता फटक्याआधीच मान वर करते. अलेक्स हिगिन्स हे १९७२ आणि १९८२ चे विश्वविजेते फटक्याबरोबर अख्खे अंग उचलत, हे खरे. त्यांचे अनुकरण करणाऱ्या कित्येकांना अंग उचलणे तेवढे जमले.

डोळ्यांबाबत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दोन डोळ्यांपैकी एक बहुधा प्रबळ असतो आणि रेषा तोच पाहतो. हात पुढे करून दोन्ही पंजांमध्ये लहानसे भोक ठेवावे, त्यातून दूरची वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू भोकातच दिसत राहते, तो प्रबळ. अशा वेळी क्यू हनुवटीच्या बरोबर मध्याखालीच हवा, हा हट्ट चुकीचा ठरतो. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा विश्वविजेते ठरलेले जो डेव्हिस यांची उजव्या डोळ्याची दृष्टी कमजोर होती आणि त्यांचा क्यू डाव्या डोळ्याखालून चाले. त्याने त्यांचे काही बिघडले नाही.

याच जो डेव्हिस यांच्या ‘हाऊ आय प्ले स्नूकर’ या पुस्तकावरून लंडनच्या प्लमस्टेडमधल्या कामगार क्लबात बिल डेव्हिस नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलाला धडे दिले. (दोन्ही डेव्हिसांचे नाते नव्हते.) मुलगा स्टीव्ह १९८१ ते १९८९ दरम्यान सहा वेळा विश्वविजेता झाला. उभे राहणे, वाकणे, क्यू मागे-पुढे नेणे या रोजच्या रुक्ष गोष्टींवर त्याची सारी इमारत उभी होती. तरीही १९८५ च्या अंतिम सामन्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, शेवटच्या फ्रेममधला शेवटचा काळा त्याच्या हातून हुकला आणि डेनिस टेलर जिंकला. ब्रिटनमध्ये तेव्हा १ कोटी ८५ लाख लोक तो सामना पाहत होते.

सेहेचाळिसाव्या वर्षी नव्याने

ज्यांना वाटते की सवयी एकदा हाडात मुरल्या की सुटत नाहीत, त्यांच्यासाठी वेल्सच्या डग माउंटजॉय यांचे उदाहरण आहे. १९७६ चे हौशी जगज्जेते, १९८१ च्या जागतिक स्पर्धेचे उपविजेते. पण पुढल्या काही वर्षांत त्यांचा खेळ उतरणीला लागला. १९८८ साली ते फ्लीटवूडच्या फ्रँक कॅलन यांच्याकडे गेले. कॅलन मूळचे मासळीचे व्यापारी, पण क्यू कसा चालतो याची त्यांची जाण अशी, की स्टीव्ह डेव्हिस आणि स्टीफन हेंड्री यांनीही त्यांचा सल्ला घेतला. त्यांच्या हाताखाली माउंटजॉय यांनी आपला फटका पुन्हा पहिल्यापासून बांधला. त्याच वर्षी प्रेस्टन येथे यूके चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात त्यांनी एकोणीस वर्षांच्या हेंड्रीला १६-१२ असे हरवले. त्यात लागोपाठ तीन फ्रेम्समध्ये शतके ठोकली. तेव्हा त्यांचे वय होते ४६. पुढच्याच जानेवारीत ‘क्लासिक’ स्पर्धाही त्यांनी जिंकली.

बाटली, आरसा आणि मोबाईल

आपल्याकडच्या खेळाडूची अडचण वेगळी. पार्लरचे टेबल तासाच्या दराने मिळते आणि हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा रिवाज सर्वत्र आहे. त्यामुळे एकट्याने, स्वतःच्या खर्चाने, एकच पांढरा पुढेमागे मारत बसणारा माणूस इतरांना विक्षिप्त वाटतो. पण महिनोन् महिने हरून दुसऱ्याच्या खेळाचे पैसे भरण्यापेक्षा आठवड्यातला एक तास एकट्याने खेळणे स्वस्तच पडते. दुपारी गर्दी नसताना ते जमतेही.

शिवाय क्यू सरळ चालवण्याचा सराव घरी, टेबलावाचूनही होतो. जेवणाच्या टेबलावर रिकामी काचेची बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात क्यू आत-बाहेर करायचा, काचेला न लागता. ही जुनी युक्ती आजही उत्तम आहे. टणत्कार झाला की चूक कळते, कोणी सांगावे लागत नाही. टेबलावर सरळ सुतळी ताणून वा चिकटपट्टी लावून तिच्यावर क्यू मागे-पुढे नेता येतो. समोर आरसा ठेवला तर कोपर बाहेर जाते का, क्यू नाकासमोर नागमोडी चालतो का, हे स्वतःलाच दिसते. पूर्वी यासाठी प्रशिक्षक लागे. आता मोबाईल समोरच्या बाजूला टेकवून मंदगतीने चित्रण केले, तरी निम्मे निदान होते. रोज दहा मिनिटे पुरेत. तासभर केल्यास हात थकतो आणि थकलेला हात पुन्हा जुन्या वळणावर जातो.

निळ्याची परीक्षा

ठिपक्यांची रेघ दहापैकी सात-आठ वेळा साधू लागली, की सरळ निळ्याकडे वळावे. सुरुवातीला पांढरा निळ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि जमत गेल्यावर मागे न्यावा. येथे निळा गेला की नाही, याहून पांढऱ्याचे काय झाले हे अधिक बोलके असते. मध्याच्या किंचित खाली, ताठ मारलेल्या फटक्यात निळा जातो आणि पांढरा त्याच्या जागी मेल्यासारखा थांबायला हवा. तो थांबला, पण जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत राहिला, तर टिप बाजूला लागली आहे. निळा गेला असला तरी. तो बाजूला सरकला, तर धडक पूर्ण झाली नाही. नंतर मध्याच्या वर मारून पांढरा निळ्यामागोमाग त्याच पॉकेटमध्ये घालवावा. नियमाने तो फाऊल असला, तरी सरावात तो सरळपणाचा पुरावा आहे. शेवटी मध्याच्या बरेच खाली मारून पांढरा परत क्यूकडे आणावा. आलेल्या रेषेवरूनच तो परतला पाहिजे. यातला शेवटचा प्रकार सर्वांत कठीण, कारण खाली मारायच्या नादात मूठ आवळली जाते.

दर प्रकाराचे दहा-दहा फटके मारून किती साधले ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. आठवण सोयीस्कर असते. वही नसते.

त्यानंतरच कोन घ्यावेत, तेही एकेक. अर्ध्या चेंडूचा फटका एकाच जागेवरून, खडूची बारीक खूण करून, वीस वेळा. क्यू आता सरळ चालतो याची खात्री असल्याने हुकलेला प्रत्येक चेंडू खरी माहिती देतो: जाड लागला की पातळ, याखेरीज तिसरी शक्यता उरत नाही. चेंडू सतत एकाच बाजूला हुकत असेल तर नेम बदलावा. दोन्ही बाजूंना विखुरला जात असेल तर नेमाला हात लावू नये. परत ठिपक्यांच्या रेघेकडे जावे. काळ्यापासून निळ्यापर्यंत लाल चेंडू एका ओळीत मांडून ते रंगीत चेंडूंबरोबर संपवण्याचा प्रसिद्ध सराव याच्याही नंतरचा. तो मजेचा असल्याने बहुतेक जण तेथूनच सुरुवात करतात.

वेळेची वाटणी कशी करावी, याला एकच उत्तर नाही. तासभर टेबल मिळाले तर पहिली दहा मिनिटे एकट्या पांढऱ्याला, पुढची वीस सरळ निळ्याला आणि उरलेली कोनांना, हा बेत पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी चालण्यासारखा आहे. तास संपता संपता पुन्हा पाच वेळा ठिपक्यांवरून पांढरा मारून पाहावा. सुरुवातीला टिपला टेकणारा चेंडू आता वीतभर बाजूने परतू लागला असेल, तर हात थकला आहे. त्या दिवशी मित्रांनी कितीही आग्रह केला तरी पैजेची फ्रेम लावू नये.